दुसऱ्या किटलीतलं पाणी

रंगनाथच्या मणक्यातली गादी सरकली ती सोयाबीनच्या पोत्याने. पोतं त्याने एकट्याने उचललं, कारण समोर भाऊबंद उभे होते. कोणी बघत नसतं तर दोघांनी मिळून उचललं असतं. नगरच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, बराच वेळ बघितली आणि सांगितलं, तीन महिने वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, मोटारसायकलवर बसायचं नाही. पहिली दोन पथ्यं रंगनाथने आनंदाने मान्य केली. तिसरं ऐकून मात्र, सातबाऱ्यावरून नाव कमी केल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

त्याची बायको सत्यशीला शेजारी उभी होती. तपासणीच्या खोलीत पेशंटच्या माणसासाठी एक खुर्ची होती, पण तिच्यावर रंगनाथची पिशवी, स्वेटर आणि कमरेचा नवा पट्टा बसले होते. डॉक्टर एकेक गोष्ट वर्ज्य करत गेले तशी ती तिच्याकडे येत गेली. वाकणं तिच्याकडे आधीपासूनच होतं.

घर कोल्हारच्या अलीकडे, पाटाच्या कडेला वस्तीवर. दावणीला चार गायी. सकाळच्या दुधाच्या दोन किटल्या भरायच्या, वीस-वीस लिटरच्या. त्या मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना लोखंडी कड्यांत अडकवायच्या आणि चार किलोमीटरवर मोठ्या रस्त्याला जे दूध संकलन केंद्र आहे तिथे साडेसातच्या आत पोचवायच्या. सात एकतीसला केंद्राचं शटर खाली येतं. मग ते दूध घरी परत. चाळीस लिटर दुधाचा चहा करायचा म्हटला तर पाहुणे भाड्याने आणावे लागतील.

पहिले आठ दिवस दूध कारभारीने नेलं. कारभारी शेजारचाच, नात्याने दीर. उपकार करण्यात त्याचा हात धरणारा वस्तीवर कोणी नव्हता, आणि केलेले उपकार लक्षात ठेवण्यात तर पंचक्रोशीत नव्हता. त्याने नेलेल्या दुधाला पहिल्या दिवशी फॅट, म्हणजे ज्यावर दुधाचा भाव ठरतो तो स्निग्धांश, लागलं तीन पॉइंट सहा. मग तीन पॉइंट चार. मग तीन पॉइंट दोन. आधी महिनोन् महिने चारच्या खाली कधी गेलं नव्हतं. गायी त्याच, पेंड तीच.

"थंडी पडली ना वहिनी," कारभारी म्हणाला. "थंडीत फॅट पडतंच."

थंडीत फॅट वाढतं, हे सत्यशीलाला ठाऊक होतं, कारभारीलाही होतं आणि गायींनाही होतं. पण उपकाराच्या दुधाचा हिशेब मागायची रीत नाही. ती गप्प बसली. म्हणजे उभीच होती, पण गप्प.

आठव्या दिवशी रंगनाथने निकाल दिला. "कल्याणला फोन करतो. पिकअप घिऊन यील, चारीच्या चारी गायी घिऊन जाईल. तुलाबी जरा विश्रांती."

कल्याण म्हणजे जनावरांचा व्यापारी. गाईच्या पाठीवरून एकदा हात फिरवला की तिच्यातले सात दोष सांगायचा, आणि गाय विकायला उभी केली की त्याच सात गोष्टी तिचे गुण व्हायच्या.

सत्यशीला तेव्हा चंद्रीची धार काढत होती. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं की या घरात विश्रांती मिळत नाही, काम बदलून मिळतं. गायी गेल्या की दुसऱ्या दिवसापासून लोकांच्या कांद्यात खुरपायला जायचं, तेही उन्हात. शिवाय चारही गायी तिने कालवडीपासून वाढवलेल्या. चंद्रीला तर आई मेल्यावर बाटलीने दूध पाजलेलं. त्या निदान हाक मारत नव्हत्या. घरातली बाकी सगळी माणसं मारत होती.

धार संपली. बादली बाजूला ठेवून ती म्हणाली, "दूध मी नेते."

"कशावर?"

"गाडीवर."

रंगनाथ हसला. हसल्याने मणक्यात कळ आली, म्हणून लगेच गंभीर झाला. सत्यशीला दहावीपर्यंत सायकलवर शाळेला जात होती, आणि गाडी चालवायचा तिचा अनुभव तिथेच संपत होता. पण कळ इतकी जबर होती की वाद घालायला त्याच्याकडे श्वास उरला नाही. "पंधरा दिवस देतो," तो म्हणाला. "तवर दूध कारभारी नेईल. मंग तू. एक दिवस जरी दूध परत आलं, तर कल्याण."

शिकवणी सोयाबीन काढलेल्या रानात सुरू झाली. दुपारी भांडी आणि संध्याकाळची धार यांच्यामधे तिला एक झोप काढायची सवय होती, ती वेळ या कामी आली. सत्यशीलाने साडी खोचून आत निकिताची, म्हणजे पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीची, जुनी ट्रॅकपँट घातली. रंगनाथ बांधावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, कमरेला पट्टा बांधून. दोन्ही किटल्या हौदातल्या पाण्याने काठोकाठ भरून कड्यांत अडकवलेल्या, कारण रंगनाथचं म्हणणं असं, की रिकामी गाडी शिकून काय उपयोग, लग्नात थोडीच न्यायची आहे.

"क्लच दाब."

"दाबला."

"पहिला टाक."

"टाकला."

"आता क्लच सोड. हळू. हळू! हळू म्हनलं की हळू!"

गाडीने म्हशीसारखी उडी मारली आणि बंद पडली.

"मी काय म्हनलो?"

"हळू."

"मंग?"

"तुमी लई मोठ्यानं म्हनला."

सासूबाई, गोजरबाई, दाराशी शेंगा फोडत हे बघत होत्या. "आमच्या टायमाला बाया बैलगाडीत मागं बसायच्या," त्या म्हणाल्या.

"आन् हाकायचं कोन, आत्या?"

"तुझा सासरा."

"त्येन्ला डुलकी लागल्यावर?"

गोजरबाईंनी एक शेंग फोडली. "मंग मीच की," त्या म्हणाल्या आणि पुढे पंधरा दिवस या विषयावर बोलल्या नाहीत.

रंगनाथच्या शिकवण्यातली एकच गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसली, कारण ती त्याने कमी आवाजात सांगितली होती. "किटली एक तर भरल्याली पायजे, न्हाई तर रिकामी. अर्धी किटली कधी न्यायची न्हाई. आतलं हेलकावतं, वळणाला गाडी वढून नेतं. आन् एका अंगाला भरल्याली, एका अंगाला रिकामी, असं तर अजिबात न्हाई. दोन्ही अंगं सारखी पायजेत. तोल म्हंजे तोल."

पंधरा दिवसांत ती रानात आठाचा आकडा काढू लागली. शिकाऊ लायसनची परीक्षाही पास झाली. बावीस वर्षं विनालायसन गाडी चालवलेल्या रंगनाथने ते लायसन हातात घेऊन पाठपोट बघितलं आणि फोटो बरा आलाय म्हणाला. निकिताने आईचा गाडीवरचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला. तो बघून सरपंच काकासाहेब स्वतः वस्तीवर आले.

"वहिनी, आठ मार्चला तुमचा सत्कार. शाल, श्रीफळ, ट्रॉफी. म्हटलं, अशा स्त्रीशक्तीची गावाला गरज हाय."

सत्यशीलाला त्या क्षणी दोन तास झोपेची गरज होती. पण ती सरपंचाच्या अधिकारात येत नव्हती.

सोळाव्या दिवशी पहाटे ती साडेचारला उठली. शेण काढलं, वैरण टाकली, आणि वेळ वाचावा म्हणून ट्रॅकपँट आधीच चढवून धारेला बसली. तिथेच घोटाळा झाला. चारही गायींनी तिला जन्मापासून साडीत पाहिलेलं. खालून निळे, पांढऱ्या पट्ट्याचे दोन पाय आलेले बघून चंद्री बुजली. तिने बादली लाथेने उडवली. तिचं बघून शेजारच्या गाईने पान्हा चोरला. उरलेल्या दोघींनी, वयाने मोठ्या म्हणून, समजून घेतलं. झालं दूध वीस लिटर. बरोबर एक किटली.

सात वाजायला दहा मिनिटं होती. रंगनाथ आत गरम पाण्याची पिशवी पाठीला लावून पडला होता. त्याला विचारावं तर तो सल्ला देणार, आणि सल्ल्याला पंधरा मिनिटं लागणार. सत्यशीलाने एक किटली अडकवून पाहिली. गाडी त्या अंगाला कलली. अर्धं-अर्धं करावं तर अर्धी किटली न्यायची नाही. तिने फार विचार केला नाही. पहाटेपासून उभ्या असलेल्या माणसाला विचार सुचतात, पण ते दुसऱ्या दिवशी. पंधरा दिवस रोज जे केलं होतं तेच तिच्या हातांनी केलं. दुसरी किटली हौदात बुडवली, काठोकाठ भरली, झाकण लावून कडीत अडकवली. दोन्ही अंगं सारखी झाली.

पाटाच्या रस्त्याला ती पहिल्या गिअरमधे निघाली आणि बराच वेळ पहिल्यातच राहिली. शाळेत जाणारी सायकल तिला मागे टाकून गेली. पाटावरच्या अरुंद मोरीपाशी समोरून उसाची डबल ट्रॉली आली. ट्रॅक्टरवाल्याने गाण्याचा आवाज गावजेवणाएवढा ठेवलेला. ती कडेला थांबली, गाडी बंद पडली, ट्रॉली गेली, वरून दोन ऊस अंगावर पडता पडता राहिले. तिने किक मारली. पहिली, दुसरी, पाचवी. सातव्या किकला गाडी चालू झाली. चंद्रीच्या पहिल्या वेतालाही असाच उशीर झाला होता, आणि तेव्हाही वासरू बाहेर आलं होतंच. तिने दुसरा गिअर टाकला.

ती केंद्रावर पोचली तेव्हा सात पंचवीस झाले होते. रांगेत सात-आठ पुरुष, सगळे कानटोप्यांत. कारभारीही होता. तिने गाडी उभी केली, किटल्या उतरवल्या आणि काट्यापाशी नेऊन ठेवल्या. केंद्र चालवणाऱ्या गहिनीनाथने पहिल्या किटलीचं झाकण काढलं. दूध. दुसरीचं काढलं.

तो बराच वेळ आत बघत राहिला. मग त्याने बोट बुडवून बघितलं. मग तिच्याकडे बघितलं.

"मावशी, हे काय हाय?"

"पानी."

रांग पुढे वाकून बघू लागली. मग मागून कोणीतरी म्हणालं, "आमी घरूनच मिसळून आनतो. वहिनींनी येगळं येगळं आनलंय, गिऱ्हाइकाला लागंल तसं घ्यावं म्हनून."

सगळे हसले. कारभारी जास्तच हसला. सत्यशीलाला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. त्या वेळी तिला फक्त कुठेतरी बसावंसं वाटलं, पण केंद्रावर बसायला जागा नव्हती.

"हसू नका," गहिनीनाथ म्हणाला. "नियम हाय. केंद्रावर पानी घिऊन आलेलं माणूस सापडलं तर खातं आठ दिवस बंद. दूध परत."

म्हणजे कल्याण. म्हणजे पिकअप. बाटलीने दूध पाजलेली चंद्री त्यात मागे बांधलेली तिला दिसली.

"सापडलं म्हंजे?" ती म्हणाली. "मी काय लपवलं का? तुमी इचारलं, मी सांगितलं. एक किटली दूध निघालं. एका अंगाला वजन घिऊन मला गाडी चालवता येत न्हाई. आजचा पयला दिवस हाय माझा. तोल रहावा म्हनून आनलं पानी. दूध तपासा. पानी निघालं त्यात तर खातं आठ दिवस न्हाई, कायमचं बंद करा. आन् दगडं चालत असतील तर उद्यापासून दगडं आनते."

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने कानटोपी वर सरकवली. "खरं हाय," तो म्हणाला. "मी नवा हुतो तवा दुसऱ्या अंगाला नातू बसवायचो."

गहिनीनाथने शटरकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि सँपल घेतलं. मशीन गुरगुरलं. तो आकड्याकडे वाकला, परत वाकला, मग मोठ्याने वाचला. "चार पॉइंट तीन."

त्या दिवशी केंद्रावरचा तो सगळ्यात वरचा आकडा होता. गहिनीनाथने वहीची मागची पानं उलटली. तो स्वभावाने भांडकुदळ नव्हता, फक्त वाचून दाखवत होता. "काल तीन पॉइंट दोन. परवा तीन पॉइंट दोन. तेरवा..."

"काल कोन घिऊन आलतं?" म्हाताऱ्याने विचारलं. माहीत असूनही त्याने विचारलं.

"म्हंजे पानी आदीबी येत हुतं," मघाचाच आवाज मागून म्हणाला. "आज फकस्त येगळ्या किटलीत आलं."

सगळ्यांनी कारभारीकडे बघितलं. कारभारी किक मारत होता. त्याची गाडी आधीपासून चालूच होती.

गहिनीनाथने वीस लिटर लिहून घेतले. "पानी तेवढं वतून द्या मावशी, मला हिशेब द्यावा लागतो." तिने ते कडुलिंबाच्या बुडाशी ओतलं. घरी गेल्यावर रंगनाथने खुर्चीतून विचारलं, "घेतलं?" ती म्हणाली, "घेतलं." बाकीचं त्याला दुपारपर्यंत तीन जणांनी येऊन सांगितलं.

पुढे काही विशेष घडलं नाही. ती रोज साडेचारला उठायची, साडीत धार काढायची आणि मग पँट चढवायची. चौथ्या दिवशी येताना पाटाच्या वळणाला गाडी, म्हातारी गाय बसते तशी, हळूहळू एका अंगावर बसली. किटल्या रिकाम्या होत्या आणि रस्ताही. बसकण मारलेल्या गाईला शिंगं धरून, मांडीचा रेटा देऊन उठवतात तसं तिने हँडल धरून गाडीला उठवलं आणि घरी कोणाला सांगितलं नाही. डाव्या हाताचा पंजा क्लचने सुजला, मग उतरला. एके दिवशी केंद्र समोर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण वाटेत गाडीचा विचारच केला नाही. पेंड संपत आल्याचा केला. भीती कधी उतरून गेली ते कळलं नाही. तिच्या जागी पेंडीचं पोतं येऊन बसलं होतं.

आठ मार्चला सत्कार झाला. अडीच तास भाषणं झाली. स्टेजवर तिला खुर्ची होती, तिच्यावर तिचं नाव चिकटवलेलं. फोटोत तिचे डोळे मिटलेले आहेत. काकासाहेबांनी तो फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "भावूक क्षण." ती झोपली होती.

पण खरी गोष्ट त्याआधीच, फेब्रुवारीत, घडली होती. केंद्रावरून येताना मोरीवर उसाची ट्रॉली फसली आणि रस्ता अडला. सत्यशीलाने गाडी मोठ्या स्टँडवर लावली आणि सीटवर तशीच बसून राहिली. वीस मिनिटं. पाटाला आवर्तन सुटलं होतं, पाणी काठाला लागून गढूळ वाहत होतं. ऊन पाठीवर आलं. जरा वेळाने तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते आधी उमगेना. मग कळलं. आपण बसलो आहोत आणि हातात काही नाही. निवडायला भाजी नाही, सोलायला लसूण नाही, आणि हाकेच्या अंतरावर आपलं नाव घेऊन ओरडणारं कोणी नाही.

त्यानंतर मोरीवर ट्रॉली रोज अडकू लागली. ज्या दिवशी ट्रॉली यायची नाही, त्या दिवशीही अडकायची.

तीन महिने झाले. डॉक्टरांनी नवी फिल्म बघितली आणि रंगनाथला सांगितलं, आता गाडी चालवा. त्या संध्याकाळी सत्यशीला वैरण टाकत असताना तो गोठ्यात येऊन उभा राहिला. हातात गाडीची किल्ली होती. भिंतीवरच्या खिळ्यावरून काढून आणलेली.

"उद्यापासून मी जातो दूध घिऊन. तू आराम कर."

सत्यशीलाने चंद्रीपुढे पेंढी सोडली. दुसरी उचलली. कल्याणचा विषय केव्हाच मागे पडला होता, गायी कुठे जात नव्हत्या. तरी दुसरी पेंढी तिच्या हातातच राहिली.

"खड्डे लई झालेत," ती म्हणाली.

"मोरीपातुर डांबर टाकलंय परवा. काकासाहेबानी."

"केंद्रावर येळ लागतो."

"तुला यायला आठ वाजतात. मला कधी पावणेआठच्या पुढं वाजले न्हाईत."

"मोरीवर ट्रॉली अडकती."

रंगनाथने किल्ली या हातातून त्या हातात घेतली. तीन महिने तो खुर्चीत बसला होता. माणूस इतके दिवस बसला की त्याला बसण्यातलं काही ना काही कळतं.

"कारखान्याचा हंगाम संपला," तो म्हणाला. "पंधरा दिवस झाले. सगळ्या ट्रॉल्या गेल्या गावाला."

सत्यशीलाने हातातली पेंढी शेजारच्या गाईपुढे टाकली.

"रोजच अडकती?" त्याने विचारलं.

"रोज."

"किती येळ?"

"वीस मिनटं. कधी पंचवीस."

त्याने जरा वेळ गाईंकडे बघितलं, मग शेणाकडे, मग परत गाईंकडे. मग आत गेला. खिळ्यावर किल्ली अडकवल्याचा आवाज आला.

"खोऱ्याचा दांडा लांब करून घिईन म्हनतो," तो आतून म्हणाला. "न वाकता शेण काढता यील असा."

"सुताराला उद्या येताना सांगते," सत्यशीला म्हणाली. "जरा उशीर हुईल."